मेळ की नक्कल? जुन्या संग्रहालयाशेजारची नवी इमारत

जुन्या, नावाजलेल्या संग्रहालयाशेजारी कार्यालयासाठी जागा वाढवायची ठरली की बैठकीत एक वाक्य हमखास येतं: 'नवी इमारत जुनीशी जुळली पाहिजे.' आता जुळणं म्हणजे जुनीची नक्कल, की तिच्याशी मेळ? घोळ नेमका इथे होतो.

नक्कल पाहायची तर न्यूयॉर्कचं ज्यूइश म्युझियम. मूळ वास्तू म्हणजे वॉरबर्ग कुटुंबाची १९०८ची फ्रेंच गॉथिक थाटाची हवेली. १९९३मध्ये वास्तुविशारद केविन रोश यांनी ती वाढवली, ती तोच दर्शनी भाग पुढे चालवून. दगड चुनखडीचाच, आणि कोरीवकामासाठी सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलच्या पाथरवटांना गाठलं. काम अव्वल, यात वाद नाही. पण फुटपाथवरून पाहणाऱ्याला १९०८ कुठे संपलं आणि १९९३ कुठे सुरू झालं, हे कळत नाही. मला हे खटकतं. अमेरिकी सरकारची वारसा-जतनाची मानकंही नवं काम जुन्याशी सुसंगत हवं म्हणतात आणि त्याच दमात ते वेगळं ओळखूही यावं, असं सांगतात.

मेळ दिसतो वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये. जॉन रसेल पोप यांची १९४१ची पश्चिम इमारत घुमटाची, खांबांची, अभिजात वळणाची. समोरच्या पूर्व इमारतीत (१९७८) आय. एम. पेई यांनी ना घुमट घेतला, ना खांब. पेनसिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यू तिरका जात असल्याने प्लॉट समलंब चौकोनी होता. त्याचे त्यांनी दोन त्रिकोण पाडले: समद्विभुज त्रिकोणात दालनं, काटकोन त्रिकोणात कार्यालयं, ग्रंथालय आणि अभ्यासकेंद्र. आपल्याकडे ऑफिस बहुधा उरल्यासुरल्या कोपऱ्यात कोंबतात. इथे त्याला पहिल्या रेघेपासून स्वतःचा त्रिकोण आहे.

मग जुळलं काय? दालनांच्या त्रिकोणाचा मध्य जुन्या इमारतीच्या पूर्व-पश्चिम अक्षावर बसवला. टेनेसीचा गुलाबी संगमरवर आणला तोही पश्चिम इमारतीचा दगड जिथून आला होता त्याच भागातल्या खाणींतून. आकार पूर्ण नवा, रंग आणि रेषा जुन्याच्या. कार्यालयाच्या बाजूचा सुमारे १९ अंशांचा कोपरा तर सुरीच्या पात्यासारखा. येणारेजाणारे त्यावर हात फिरवतात, त्यामुळे तिथला संगमरवर हाताच्या उंचीवर काळवंडला आहे.

दगड सारखा असला तरी बांधणी सारखी नव्हती. पूर्व इमारतीवर संगमरवराची पातळ आवरणं टांगलेली, मधल्या फटींत निओप्रीन या कृत्रिम रबराच्या पट्ट्या. काही दशकांत ती आवरणं कलायला लागली आणि शेवटी उतरवून, नव्या आधारांवर पुन्हा लावावी लागली.