फलन-चिन्हे व निर्णेयता (उत्तरसंच प्रोग्रामिंग)

उत्तरसंच प्रोग्रामिंगच्या (प्रश्न तर्कनियमांत मांडून त्यांची उत्तरे यंत्राकडून काढण्याच्या पद्धतीच्या) नियमांत फलन-चिन्हांना (एका नावापासून नवे नाव बनवणाऱ्या चिन्हांना, जसे बाप(क्ष)) मुभा दिली, तर एखादे विधान नियमांतून निघते की नाही हे यंत्राला दर वेळी ठरवता येईल का, हा या नोंदीचा विषय आहे. सरसकट मुभा दिल्यास उत्तर 'नाही' असे आहे. कोणत्या अटी घातल्या की ते 'होय' होते, याचा शोध मुख्यतः २००१ नंतरच्या दशकात झाला.

उत्तरसंच प्रोग्रामिंगचा पाया मायकेल गेलफाँड व व्लादिमीर लिफ्शिट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या स्थिर प्रतिमानांच्या संकल्पनेत आहे. कोडी व वेळापत्रके सोडवण्याची स्वतंत्र पद्धत म्हणून तिला १९९९च्या सुमारास ओळख मिळाली. नियमांतील चलांच्या जागी सर्व शक्य पदे (वस्तूंची नावे) घालून (यास ग्राउंडिंग म्हणतात) मग सॉल्व्हरने (उत्तर शोधणाऱ्या प्रोग्रामने) उत्तरसंच, म्हणजे नियमांशी जुळणारे विधानांचे संच, शोधायचे, अशी तिची रीत आहे. स्थिरांक मोजके असतील तर पदेही मोजकीच राहतात आणि निर्णेयतेचा प्रश्नच येत नाही, फक्त वेळ किती लागेल एवढेच पाहावे लागते. एक जरी फलन-चिन्ह आले की पदांचा संच, म्हणजे हर्ब्रांड विश्व, अनंत होतो.

गोव्यातील गावकरीचे (कोमुनिदादचे, म्हणजे गावची जमीन सामाईक राखणाऱ्या संस्थेचे) उदाहरण येथे सोयीचे आहे. गावकारपण (तिचे सदस्यत्व) पुरुषवंशाने चालते आणि जोणीचा (संस्थेच्या उत्पन्नातील) वाटा त्यावर अवलंबून असतो. या रूढींची लेखी नोंद १५२६च्या फोरालमध्ये (पोर्तुगीज सनदेत) सापडते. फोरालने ही व्यवस्था निर्माण केली असे क्वचित म्हटले जाते, पण आधीपासून चालत आलेली रूढी त्यात कागदावर आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सोयीसाठी फक्त थोरल्या मुलाचा विचार केल्यास नियम असा होतो (':-' म्हणजे 'जर') :

गावकार(आद्य).
गावकार(थोरला(क्ष)) :- गावकार(क्ष).

येथे 'थोरला' हे फलन-चिन्ह आहे. ग्राउंडिंग सुरू केले की आद्य, त्याचा थोरला, त्याचाही थोरला अशी यादी वाढत जाते आणि थांबत नाही. निपुत्रिकालाही थोरला मुलगा मिळतो, कारण या पद्धतीत थोरला(आद्य) हे केवळ एक पद असते. ते कोणा खऱ्या माणसाचे नाव असण्याची गरज नसते. फलनाला खरोखरीचे मूल्य असावे, असे मानणारा वेगळा प्रवाह आहे (फांगझेन लिन व यीसोंग वांग, २००८, पेद्रो काबालार, २०११). तो प्रस्तुत नोंदीच्या कक्षेबाहेरचा आहे.

अनिर्णेयतेचे मूळ : नकार नसलेल्या साध्या नियमांतही फलन-चिन्हांच्या साहाय्याने कोणतेही ट्युरिंग यंत्र लिहिता येते. म्हणून एखादे विधान निघते का, हा प्रश्न अर्धनिर्णेय ठरतो : निघत असेल तर कधी ना कधी कळते, निघत नसेल तर वाट पाहणे संपत नाही. या निष्पत्तीचे श्रेय कोणाला, याबाबत एकवाक्यता नाही. बरेच ग्रंथ स्टेन-ओके टेर्नलुंड (१९७७) यांचे नाव देतात. हंगेरीच्या हायनाल आंद्रेका व इश्त्वान नेमेती यांचा अहवाल १९७६चा आहे, मात्र तो नियतकालिकात १९७८ मध्ये आला. छापील तारखेपेक्षा अहवालाची तारीख धरणे न्याय्य दिसते. तसे पाहता रेमंड स्मल्यन यांच्या १९६०च्या आसपासच्या औपचारिक पद्धतींत ही कल्पना जवळजवळ पूर्णपणे आलेली आहे. फक्त तेथे प्रोग्रामिंगचा संदर्भ नाही.

'सिद्ध होत नाही म्हणून नाही' असा नकार जोडला की स्थिती आणखी बिघडते. सर्व उत्तरसंचांत एखादे विधान आहे का, हा प्रश्न अर्धनिर्णेयही राहत नाही; तो विश्लेषणात्मक श्रेणीच्या पहिल्या पातळीवर जातो (मारेक, नेरोड व रेमेल; श्लिप्फ; १९९०चे दशक). म्हणजे ट्युरिंग यंत्राच्या थांबण्याच्या प्रश्नाहूनही तो पुष्कळ कठीण आहे.

निर्णेय वर्ग : तोमी सिर्यानेन यांचे ओमेगा-मर्यादित प्रोग्राम आणि पिएरो बोनात्ती यांचे फिनिटरी प्रोग्राम ही दोन्ही कामे २००१ मधील आहेत. पहिल्यात उत्तरसंच सान्तच राहतात. अनंत उत्तरसंच मान्य करून त्यांवर तर्क चालवण्याचा प्रयत्न दुसऱ्यात आहे, म्हणून या विषयाची खरी सुरुवात तेथून धरणे बरे. (कालवाचक फलन असलेल्या डेटाबेसांवर यान खोमित्स्की व तोमाश इमिएलिन्स्की यांनी १९८०च्या दशकात केलेले काम याची पूर्वपीठिका मानता येईल.)

फिनिटरी प्रोग्रामच्या अटी दोन. प्रत्येक मूर्त (चल नसलेले) विधान मोजक्याच मूर्त विधानांवर अवलंबून असावे, आणि विषम संख्येच्या नकारांतून स्वतःकडे परतणाऱ्या चक्रांत मोजकीच विधाने सापडावीत. वरचा गावकार-नियम दोन्ही अटी पाळतो. थोरला(थोरला(आद्य)) गावकार आहे का, असे विचारल्यास दोन पावले मागे जाऊन उत्तर मिळते. पुढच्या पिढ्यांची यादी कितीही लांबली तरी बिघडत नाही.

दुसरी अट जाचक आहे. समजा, जत्रेचा मान कोणत्या वर्षी कोणत्या वांगडाकडे (गावकारांच्या कुळाकडे), हे 'पुढील(वर्ष)' या फलनाने लिहिले. एक वर्ष एकाला, पुढील वर्ष दुसऱ्याला, एवढे नियम फिनिटरीच राहतात. पण 'कोणत्याही वर्षी दोघांना एकत्र मान नको' असा निर्बंध घातला की प्रत्येक वर्षासाठी एक विषम चक्र तयार होते, ती अनंत होतात आणि प्रोग्राम वर्गाबाहेर पडतो. दुसरी अट सोडून फक्त पहिली ठेवली, तर सान्त-पुनरावर्ती प्रोग्राम मिळतात (बासेलिचे, बोनात्ती व क्रिस्कुओलो). त्यांत प्रोग्राम विसंगत (एकही उत्तरसंच नसलेला) आहे का हे अर्धनिर्णेय राहते.

कालाब्रिया विद्यापीठाच्या कालिमेरी, कोत्सा, इयान्नी व लेओने यांनी २००८ मध्ये उलट टोकाकडून सुरुवात केली. खालून वर ग्राउंडिंग करताना जे प्रोग्राम थांबतात, त्यांचा त्यांनी वर्ग केला. आता गावकार-नियम उलटा लिहून पाहावा :

गावकार(बाप(बाप(अर्जदार))).
गावकार(क्ष) :- गावकार(बाप(क्ष)).

खालून वर गेल्यास दोन नवी विधाने मिळून काम संपते. प्रश्नाकडून मागे गेल्यास मात्र बाप, त्याचा बाप, त्याचाही बाप असे अंतहीन अवलंबन आहे, म्हणून हा प्रोग्राम सान्त-पुनरावर्ती नाही. पहिला नियम नेमका याच्या विरुद्ध आहे. यावरून एकही वर्ग दुसऱ्यात सामावत नाही हे स्पष्ट होते. पद नियमाच्या शीर्षात (':-'च्या डावीकडे) वाढते की अंगात (उजवीकडे), यावर सारे ठरते. नकाररहित सान्त-पुनरावर्ती प्रोग्राम मॅजिक सेट रूपांतराने (प्रश्नाला लागतील तेवढीच विधाने काढली जातील असे नियम बदलून) ग्राउंडिंगला थांबणाऱ्या वर्गात आणता येतात, हेही पुढे दाखवले गेले.

कोणताही प्रोग्राम या वर्गांत बसतो का, हे ओळखणेही सोपे नाही : फिनिटरी असणे अनिर्णेय आहे, तर ग्राउंडिंगला थांबणाऱ्या वर्गाचे सदस्यत्व अर्धनिर्णेय. त्यामुळे नियमांच्या नुसत्या रचनेवरून तपासता येणारे लहान उपवर्ग मांडले गेले. युलिया लिएर्लर व लिफ्शिट्झ यांचा २००९चा उपवर्ग त्यांपैकी एक. मांतास शिम्कुस व थॉमस आयटर यांचा वर्ग यांहून निराळा आहे. त्यात उत्तरसंच अनंत असू शकतात, पण नियमांची घडण इतकी आवळलेली असते की सुसंगतता घातांकी काळात ठरवता येते.

प्रत्यक्ष साधनांत पोट्सडाम येथील ग्रिंगोने (ग्राउंडिंग करणाऱ्या प्रोग्रामने) प्रारंभी लॅम्डा-मर्यादित (ग्राउंडिंग थांबण्याची हमी देणाऱ्या रचनेच्या) प्रोग्रामांची अट ठेवली होती. तिसऱ्या आवृत्तीपासून ती काढून टाकण्यात आली आणि ग्राउंडिंग थांबेल याची काळजी लिहिणाऱ्यावर सोपवली गेली. फलन-चिन्ह न वापरताही हा धोका राहतो : 'वर्ष + १' असा साधा अंकगणिती नियम अटीविना लिहिला तरी ग्रिंगो थांबत नाही. डीएलव्ही या दुसऱ्या साधनाच्या जुन्या आवृत्त्यांत यासाठी पूर्णांकांची कमाल मर्यादा आधीच द्यावी लागे.