सोयाबीन पिवळी पडली? आधी पान उलटून बघा
(आमच्या दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, छावणी, इंदूर)

जुलै संपत आला की आमच्या दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पिवळ्या पानांचे फोटो यायला लागतात. सांवेर, देपालपूर, महू, हातोद, सगळीकडून. आपल्या इंदूरच्या बऱ्याच मराठी मंडळींची शेती बटाईनी दिलेली असते, बटाईदार फोटो काढून मालकाला पाठवतो, मालक तो आम्हाला फॉरवर्ड करतात आणि खाली लिहितात, "व्हायरसचं औषध काय आहे?" तर सरळच सांगतो, व्हायरसचं औषध नसतं. आमच्याकडे नाही आणि शेजारच्या दुकानातही नाही. जे मिळतं ते व्हायरस पसरवणाऱ्या किडीचं औषध, आणि एकदा पिवळं पडलेलं झाड त्यानी परत हिरवं होत नाही. डेंग्यू झालेल्या माणसाच्या खोलीत ऑलआउट लावलं तर त्याचा ताप थोडाच उतरतो? पण घरातले बाकीचे वाचतात, तसंच हे आहे. बुरशीनाशकाचाही इथे काही उपयोग नाही, कारण ही बुरशी नाहीये.

ज्या व्हायरसबद्दल लोक विचारतात तो म्हणजे सोयाबीन, मूग, उडीद तिन्हीवर येणारा पिवळा मोझॅक नावाचा रोग, आणि तो पसरवते पांढरी माशी, जिला आपले बटाईदार सफेद मक्खी म्हणतात. नाव माशी असलं तरी जेमतेम एक मिलिमीटरचा जीव, पानाच्या खालच्या बाजूला बसून रस पिते. आजारी झाडावर थोडा वेळ रस प्यायली की व्हायरस पोटात जातो, काही तासांनी ती दुसऱ्या झाडाला लागण करायला तयार होते आणि मग बहुतेक मरेपर्यंत पसरवत राहते. म्हणून शेतात दोनचार झाडं पिवळी दिसली तेव्हाच कामाला लागायचं, अर्धं शेत पिवळं झाल्यावर नाही. ती दोनचार झाडं मुळासकट उपटून शेताबाहेर खड्ड्यात पुरायची, बांधावर फेकायची नाहीत, माशी तिथून परत येते. हे काम फुकटात होतं आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

पण थांबा, पिवळं म्हणजे मोझॅकच असं नसतं. आपल्या माळव्याच्या काळ्या जमिनीत पाणी साचलं की सोयाबीन तशीही पिवळी पडते. त्यात नवीन पानांच्या शिरा हिरव्या राहतात, मधला भाग फिका होतो, आणि खोलगट पट्ट्यातली सगळीच झाडं एकदम तशी दिसतात. पाऊस उघडून वाफसा आला की बरीचशी आपोआप सुधारतात, खर्च कशाला करता. मोझॅकमध्ये मात्र भडक पिवळे आणि हिरवे ठिपके एकाच पानावर मिसळलेले असतात आणि सुरुवातीला झाडं विखुरलेली असतात, एक इथे तर एक तिथे. शंका असेल तर झाड हलक्या हातानी हलवा, पांढरे कण भुर्रकन उडून परत पानाखाली जाऊन बसले की समजायचं, पांढरी माशी आहे. मग पान उलटा. तिथे पिवळसर चपटे खवले चिकटलेले दिसतील, ती तिची पिल्लं, ती जागची हलत नाहीत. फवारा वरून मारला तर त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, नोझल खालून वर करून मारावं लागतं. पान चिकट लागत असेल आणि वर काजळी धरली असेल तर घाबरू नका, माशीच्या गोड विष्ठेवर वाढलेली ती बुरशी आहे, माशी कमी झाली की तीही कमी होते.

आता औषध. सोयाबीनमध्ये थायमेथोक्झाम १२.६ टक्के आणि लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ९.५ टक्के हे मिश्रण हेक्टरी १२५ मिली, पाठीवरच्या पंपानी हेक्टरला साधारण ५०० लिटर पाणी. म्हणजे १५ लिटरच्या एका पंपात चार मिलीसुद्धा नाही. बिघ्याचा हिशेब आम्ही मुद्दाम देत नाहीये, गावोगावी बिघा वेगळा असतो आणि तिथेच गडबड होते. आणि "जरा स्ट्राँग मारू" म्हणून डोस डबल करू नका, पाणी पण कमी करू नका. तेच ते औषध दर आठवड्याला मारलं तर माशीला त्याची सवय होते, वर तिला खाणारे मित्रकिडे आधी मरतात आणि माशी पहिल्यापेक्षा जास्त येते. कपाशीवाल्या निमाडातल्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

खरं सांगायचं तर सगळ्यात स्वस्त काम पेरणीच्या आधी होतं. बियाण्याला थायमेथोक्झाम ३० एफएस (एफएस म्हणजे बियाण्याला चोळायचं पातळ औषध) किलोला १० मिली किंवा इमिडाक्लोप्रिड ४८ एफएस किलोला १.२५ मिली चोळलं की रोप लहान असताना, जेव्हा लागण सगळ्यात महागात पडते, तेव्हाच रस शोषणारी कीड दाबली जाते. क्रम लक्षात ठेवा, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि कल्चर (म्हणजे मुळांवर गाठी आणणारे जिवाणू) सगळ्यात शेवटी अगदी पेरताना. जेएस ३३५ आणि जेएस ९५-६० या जुन्या लाडक्या जाती मोझॅकला लवकर बळी पडतात. जेएस २०-२९, जेएस २०-६९ त्या मानानी तग धरतात. खंडवा रोडवर देशाची सोयाबीन संशोधन संस्थाच बसलीये, ते सीझनमध्ये आठवड्याची सल्लापत्रं काढतात, ती बटाईदाराला फॉरवर्ड करत जा. आणि शेजारच्या उन्हाळी मुगावर मोझॅक होता का, हे पेरणीआधी विचारून घ्या, कारण माशी तिथूनच तुमच्या सोयाबीनवर येते.

उंटअळी आणि चक्री भुंगा हे वेगळं प्रकरण, ते पान नाहीतर खोड खातात, पण व्हायरस नेत नाहीत. फक्त त्यांच्यासाठीच असलेलं औषध मोझॅकवर मारू नका.

बटाट्यावाल्यांसाठी वेगळं. तिथे मावा (रस शोषणारी बारीक कीड) असतो, आणि बटाट्याचा वाय व्हायरस तो काही सेकंद सोंड टोचून पसरवतो, औषधानी मरायच्या आधीच त्याचं काम झालेलं असतं. त्यामुळे फवारणीवर सगळी भिस्त ठेवू नका, बियाणं चांगलं घ्या. आजारी झाडाचा कंद घरी ठेवून पुढच्या वर्षी लावला तर व्हायरस तुम्हीच पेरलात. ज्यांना बियाण्यासाठी ठेवायचंय त्यांनी १०० पानांवर मावा मोजायचा, २० च्या आसपास गेला की वरचा पाला कापून टाकायचा, मग कंद उगाच वाढवत बसायचं नाही.

मिरचीत पानं वर वळली तर बहुतेक फुलकिडे, खाली वळली तर कोळी (जाळं विणणारा नाही, पानाचा रस पिणारा अगदी बारीक जीव), आणि पानं बारीक होऊन झाड आखडलं तर पांढऱ्या माशीचा व्हायरस. तिन्हीला औषध वेगळं, कोळी तर कीटकच नाही, साध्या कीटकनाशकानी तो मरत नाही. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा, फुलकिड्यांसाठी निळे.

युरियाबद्दल एवढंच की हात आखडता ठेवा, लुसलुशीत कोवळ्या पानावर रस शोषणारी कीड जास्त जमते. याच शहरात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड साहेबांनी इंदूर पद्धतीचं कंपोस्ट बसवलं, त्यांचं म्हणणं होतं की जमीन धडधाकट असेल तर रोग-कीड कमी. आम्ही औषधं विकतो, तरी शेणखताच्या बाबतीत त्यांच्याच बाजूचे. व्हायरस मात्र कंपोस्टनी जात नाही, हेही सांगून ठेवतो.

फोटो पाठवताना कृपया तीन पाठवा: अख्खं शेत, एक झाड, आणि पानाची खालची बाजू जवळून. सोबत पेरणीची तारीख, बियाण्याची जात आणि आधी काय मारलं ते लिहा, बाटलीचा फोटो असेल तर उत्तमच. नुसतं एक पिवळं पान पाठवून "काय द्यायचं" असं विचारलं तर आम्ही आधी हेच प्रश्न विचारू. दुकान बंद असेल तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन लावा, पैसे लागत नाहीत.