मुंबईतील बालसंसर्ग-संशोधकांची वाटचाल : पोलिओची पार्श्वभूमी

लहान मुलांच्या संसर्गजन्य आजारांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांची मुंबईतील परंपरा परळमध्ये रुजली. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगच्या लशीसाठी उभारलेली प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली; त्याच परिसरात १९२९ मध्ये मुलांसाठी वाडिया रुग्णालय सुरू झाले. तरीही प्रयोगशाळा आणि बालरुग्णांचा वॉर्ड यांचे नाते घट्ट केले ते पोलिओने. १९४९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत पोलिओ संशोधन विभाग स्थापन केला आणि पुढे तोच एन्टेरोव्हायरस (पोलिओसारखे आतड्यात वाढणारे विषाणू) रिसर्च सेंटर झाला.

तोंडावाटे दिलेली लस आपल्याकडील मुलांना अपेक्षेइतकी लागू पडत नाही, हे वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांच्या संशोधनातून पुढे आले, आणि अधिक डोस का द्यावे लागतात याचा उलगडा झाला. १९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहीम देशभर सुरू झाली, पण या डॉक्टरांचा खरा कस त्यानंतर लागला, असे मला वाटते. पंधरा वर्षांखालील मुलाच्या हातापायांत अचानक लुळेपणा आला, की पोलिओचा संशय असो वा नसो, त्याची नोंद करायची. चौदा दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेऊन ते थंड पेटीतून प्रयोगशाळेत पोहोचवायचे. आणि साठ दिवसांनी मूल पुन्हा तपासायचे. हे काम चिकाटीचे आहे आणि त्याचे मोल फार मोठे आहे.

पोलिओची लागण झालेल्या बहुतेक मुलांत लुळेपणा दिसतच नाही, पण त्यांच्या शौचातून विषाणू बाहेर पडतो. म्हणून २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्यातही विषाणू शोधला जाऊ लागला. भारतातील सांडपाण्यात नैसर्गिक, म्हणजे लशीतून न आलेला, पोलिओ विषाणू शेवटचा आढळला तो नोव्हेंबर २०१० मध्ये, मुंबईतच. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले.

पोलिओ गेला तरी अशा चिकाटीच्या कामाची गरज संपली नाही. २०२२ च्या अखेरीस गोवंडी परिसरात गोवर पसरला, तेव्हा कोविडकाळात लसीकरण हुकलेली मुले घरोघरी जाऊन शोधावी लागली आणि नऊ महिन्यांखालील बाळांनाही डोस देण्याचा निर्णय घ्यावा लागला.