विमानाचे सुटे भाग आणि उड्डाणसुरक्षा

विमानात बसणारा प्रत्येक सुटा भाग, मग ते इंजिनाचे पाते असो की खिडकीची काच बसवणारा बोल्ट, मंजूर आराखड्याप्रमाणे बनलेला, तपासलेला आणि कुठून आला ते कागदावर सिद्ध करता येणारा असावा, ही नागरी विमानवाहतुकीतील सुरक्षेची मूलभूत अट आहे. भारतात तिच्या अंमलबजावणीवर नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) देखरेख असते.

मराठवाड्यात ऐन हंगामात ट्रॅक्टरचा भाग आणायला गेले की दुकानदार विचारतो, “कंपनीचा देऊ का लोकल?” अडलेला माणूस लोकल घेतो आणि बहुतेक वेळा त्याचे भागतेही. विमानासाठी हा प्रश्न विचारायचीच सोय नाही. भाग मापात बसतो, हाताला मजबूत लागतो, एवढ्याने काही ठरत नाही. धातूची शुद्धता, उष्णता संस्करण (धातू तापवून-थंड करून त्याला मजबुती देणे), आतला सूक्ष्म तडा यांतले काहीच डोळ्यांना दिसत नाही. म्हणून भागासोबतचा कागद हा भागाइतकाच महत्त्वाचा धरला जातो. त्यावर पार्ट नंबर, अनुक्रमांक किंवा बॅच आणि अधिकृत संस्थेची सही असते. कागद हरवला, तर कोरा करकरीत भागसुद्धा पुन्हा प्रमाणित होईपर्यंत विमानावर चढवता येत नाही.

इंजिनातील फिरत्या चकत्यांसारख्या काही भागांना आयुर्मर्यादा असते. ती वर्षांत नव्हे, तर मुख्यतः उड्डाणफेऱ्यांत मोजतात, कारण प्रत्येक उड्डाणात धातूवर ताण चढतो आणि उतरतो. मर्यादा संपली की भाग वरून ठणठणीत दिसला तरी उतरवायचा. असे भाग कापून किंवा मोडून निकामी करण्याची पद्धत आहे, म्हणजे भंगारातून पॉलिश होऊन ते पुन्हा बाजारात येत नाहीत. ही काळजी मुळीच अवाजवी नाही. 8 सप्टेंबर 1989 रोजी ओस्लोहून हॅम्बुर्गला निघालेले पार्टनेअर कंपनीचे कॉन्व्हेअर 580 विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळले आणि सर्व 55 जण दगावले. शेपटीचा उभा पंख जोडणाऱ्या बोल्टांपैकी काही बनावट आणि ठरलेल्या ताकदीपेक्षा कमजोर निघाले.

त्याच वर्षी 19 जुलैला अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-10 विमानाच्या मागच्या इंजिनातील टायटॅनियमची चकती फुटली. तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे तेलाच्या दाबाने विमानाचे नियंत्रण चालवणाऱ्या यंत्रणा, निकामी केल्या. 296 पैकी 112 जणांचा मृत्यू झाला. ही चकती बनावट नव्हती. धातू तयार होतानाच त्यात दोष राहिला होता. त्यातून वाढत गेलेला तडा तपासणीत सुटला. अस्सल भागालाही अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी आतला दोष शोधणारी), डाय पेनिट्रंट (तड्यात रंगद्रव्य शिरवून तो दाखवणारी) अशा चाचण्यांतून वारंवार का जावे लागते, ते यावरून कळते.

भाग अस्सल असून चुकीच्या जागी बसला तरी घात होतो. 10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॉकपिटची काच हवेत निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरवले, सारे वाचले. काच नुकतीच बदललेली होती. तिच्या 90 बोल्टांपैकी 84 बोल्ट व्यासाने सुमारे 0.66 मिलिमीटर बारीक होते आणि उरलेले सहा आखूड. बदलणाऱ्याने पार्ट कॅटलॉग न पाहता जुन्या बोल्टाशी नवा ताडून घेतला होता. वर्कशॉपमध्ये रोज होणारी ही गोष्ट. पण विमानाच्या बाबतीत नजरेच्या मापाला जागा नाही.

हा धोका इतिहासजमा झालेला नाही. 2023 मध्ये एओजी टेक्निक्स या लंडनस्थित कंपनीने खोट्या प्रमाणपत्रांसह इंजिनाचे भाग विकल्याचे उघड झाले. त्यांत बोइंग 737 आणि एअरबस ए320 या विमानांवर सर्रास असणाऱ्या सीएफएम56 इंजिनाचे भाग होते. अनेक देशांतल्या विमान कंपन्यांना आपली इंजिने तपासावी लागली.

मराठवाड्याच्या आठवणीत विमान अपघात म्हटले की 26 एप्रिल 1993 चा दिवस येतो. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा विमानतळावरून उडताना इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकले, मग विजेच्या तारांत अडकून कोसळले. 118 पैकी 55 जण गेले. यात सुट्या भागांचा दोष नव्हता. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा उचलणे आणि उड्डाणवेळी बीड रस्त्यावरची वाहतूक न रोखणे, ही कारणे चौकशीत पुढे आली. भाग निर्दोष असूनही सुरक्षेची दुसरी कडी तुटली, म्हणून ही घटना या नोंदीत आवर्जून घ्यायला हवी.

याच शहराभोवती वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथे वाहनांचे भाग बनवणारे मोठे उद्योगक्षेत्र आहे. सीएनसी मशिन, गेज, हार्डनेस चाचणी ही इथल्या कामगारांची रोजची भाषा आहे आणि त्यांच्या हातातले कसब विमानक्षेत्रातही मोलाचे ठरेल. मात्र वाहन उद्योगातील आयएटीएफ 16949 हे मानक तिथे पुरत नाही. सहसा एएस9100 हे विमान उद्योगाचे गुणवत्ता मानक मागितले जाते. त्यात प्रत्येक भागाच्या कच्च्या मालापर्यंतचा माग ठेवावा लागतो आणि पहिल्या नगाचे प्रत्येक माप नोंदवून द्यावे लागते. मानक मिळाले तरी भाग परस्पर विमान कंपनीला विकता येत नाही. तो मंजुरीधारक उत्पादकामार्फतच जातो, आणि बसवल्यानंतर परवानाधारक देखभाल अभियंत्याच्या सहीशिवाय ते विमान पुन्हा सेवेत येत नाही.