लुकलुकणाऱ्या चित्राने झटका का येतो?

ब्रिटनमधील ‘एपिलेप्सी सोसायटी’ ही संस्था १८९२ पासून अपस्मार, म्हणजे फिट किंवा फेफरे येण्याचा आजार, असलेल्या लोकांसाठी काम करते. २०२० मध्ये एक लहान मुलगा तिच्यासाठी निधी गोळा करत असताना काही विकृतांनी समाजमाध्यमांवर वेगाने लुकलुकणाऱ्या चित्रांचा मारा केला. ती पाहून अपस्मारग्रस्तांना झटके यावेत, हाच त्यामागचा हेतू होता. संस्थेने चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०२३ च्या ‘ऑनलाइन सेफ्टी अ‍ॅक्ट’ने अपस्मार असलेल्या व्यक्तीला इजा करण्यासाठी अशी चित्रे पाठवणे हा गुन्हा ठरवला, त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नुसत्या चित्राने इजा कशी होईल, अशी शंका अनेकांना येते. तिचे उत्तर मेंदूच्या मागच्या भागातील दृष्टी-बाह्यकात, म्हणजे डोळ्यांचे संदेश उलगडणाऱ्या बाहेरच्या थरात, आहे. मेंदूतील पेशी ग्लुटामेट या रसायनाने एकमेकींना उत्तेजित करतात आणि गॅबा या रसायनाने आवरतात. गॅबा पोहोचले की पेशीच्या पटलातील सूक्ष्म दारे उघडतात, ऋणभारित क्लोराइड आयन आत शिरतात आणि पेशी संदेश सोडण्याच्या पातळीपासून दूर राहते. डोळ्यांवर प्रकाशाचा झोत पडला की दृष्टी-बाह्यकातील असंख्य पेशी एकाच वेळी संदेश सोडतात. एरवी त्यांच्या हालचाली एकमेकींशी जुळलेल्या नसतात. मोर्चात सगळ्यांची पावले एका ठेक्यात पडू लागावीत, तसे या झोताने होते. दृश्यातील उजेड-अंधाराची तफावत फार तीव्र झाली की निरोगी बाह्यक आपला प्रतिसाद आपोआप आखडता घेते. प्रकाशसंवेदी अपस्मारात, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशाने झटके येणाऱ्या प्रकारात, हे नियंत्रण दुबळे असते. सेकंदाला १५ ते २५ वेळा उघडझाप झाली, तर आधीची लाट पुरती ओसरण्याआधी पुढची येते, शेजारच्या पेशी तिच्यात ओढल्या जातात आणि ही एकतालता मेंदूच्या दोन्ही गोलार्धांत, म्हणजे डाव्या-उजव्या अर्ध्या भागांत, पसरली की शरीराला झटके येतात. गडद लाल रंगाची उघडझाप विशेष घातक असते, तर काहींना ठळक उभ्या-आडव्या पट्ट्याही पुरतात. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये एका कार्टून मालिकेतील लाल-निळ्या झगमगाटानंतर साडेसहाशेहून अधिक प्रेक्षकांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले, ते याच कारणाने.

मात्र अपस्माराच्या प्रत्येक रुग्णाने दिव्यांपासून दूर राहावे, हा समज चुकीचा आहे. प्रकाशसंवेदी रुग्ण शंभरात साधारण तीनच असतात. झटका आलेल्या माणसाच्या तोंडात काहीतरी कोंबणे, त्याचे हातपाय दाबून धरणे किंवा त्याला ‘बाहेरचे काही’ लागले असे म्हणणे, या तिन्हींत शहाणपण नाही. डोक्याखाली मऊ काही ठेवावे, वेळ मोजावी, झटके थांबल्यावर त्याला कुशीवर वळवावे आणि झटका पाच मिनिटांहून अधिक चालला तर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रकाशसंवेदी व्यक्तीसमोर अचानक झगमगाट सुरू झाला, तर दोन्ही डोळे मिटणे हा उपाय नव्हे. प्रकाश पापण्यांतून आत जातो, लालसर होऊन पसरतो आणि उघडझाप चालूच राहते. त्याऐवजी एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवावे. दृष्टी-बाह्यकातील बऱ्याच पेशींना दोन्ही डोळ्यांचे संदेश एकत्र मिळतात. एका डोळ्याचा पुरवठा तोडला की एकाच वेळी पेटणाऱ्या पेशींची संख्या घटते आणि झटक्याची शक्यता बरीच कमी होते.