सस्पेंशन लिफ्ट व टायरमाप

सस्पेंशन लिफ्ट व टायरमाप : खडक, चिखल, वाळू, नदीपात्र अशा रस्ता नसलेल्या जमिनीवरून चालवायच्या मोटारगाडीची उंची किती वाढवावी आणि तिला मूळच्यापेक्षा किती मोठे टायर बसवावेत, याची निवड. हे दोन्ही बदल बहुधा एकत्रच केले जातात. त्यामुळे बोलण्यात ‘लिफ्ट’ या एकाच शब्दात दोन्ही येतात. त्यांची कामे मात्र वेगळी आहेत आणि निवडीतल्या बहुतेक चुका हा भेद न ओळखल्याने होतात. आधी टायर ठरवावा आणि तो कुठेही न घासता फिरेल एवढीच लिफ्ट घ्यावी, हे मत प्रस्तुत नोंदीत ग्राह्य धरले आहे.

उंचीचे दोन अर्थ : सलग अ‍ॅक्सल (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा एकसंध आस) असलेल्या गाडीत सर्वांत खाली लोंबणारा भाग म्हणजे डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या दंतचक्रांचा, गोळा. तो अ‍ॅक्सलमध्ये असतो आणि अ‍ॅक्सल थेट चाकांवर पेललेला असतो. सस्पेंशन, म्हणजे स्प्रिंगा व धक्के शोषणारी जोडणी, येते ते अ‍ॅक्सल आणि चॅसीस (गाडीचा सांगाडा) यांच्यामध्ये. म्हणून स्प्रिंगा उंच केल्या की चॅसीस, डिझेलची टाकी, बंपर वर जातात. डिफरन्शियल जिथल्या तिथेच राहतो. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या शेतवाटेवर हे उघड दिसते. चाके चाकोऱ्यांत उतरतात, मधला वरंबा डिफरन्शियलला लागतो, आणि चार इंच लिफ्ट केलेली गाडीही नांगरासारखी माती ओढत जाऊन अखेर वरंब्यावर बसते. मग चाके नुसतीच फिरत राहतात. हा गोळा वर न्यायचा साधा उपाय म्हणजे टायरचा व्यास वाढविणे, आणि त्यातही वाढलेल्या व्यासाच्या निम्मीच उंची मिळते. दुसरा उपाय खर्चाचा आहे : चाकापाशी दंतचक्रे घालून अ‍ॅक्सलच वर उचलणे. जर्मन उनिमोग ट्रकात हीच रचना आहे. अमेरिकी सैन्याच्या हम्वी गाडीची जमिनीपासूनची ४०६ मिमी. उंचीही चाकातल्या अशाच दंतचक्रांमुळे साधते.

टायरवरील आकड्यांतून व्यास काढता येतो. २४५/७५ आर १६ म्हणजे २४५ मिमी. रुंदी, तिच्या ७५ टक्के उंचीची बाजूची भिंत आणि १६ इंचांची रिम. यावरून व्यास सुमारे ७७४ मिमी. येतो. २०२० मध्ये आलेल्या महिंद्र थारच्या एका आवृत्तीवर हे माप होते, तर दुसरीवर २५५/६५ आर १८, म्हणजे सुमारे ७८९ मिमी. पहिल्या मापाऐवजी जीप रँग्लर रुबिकॉनवर येणारे २८५/७० आर १७ हे माप घेतले, तर व्यास सुमारे ८३१ मिमी. होतो. फरक ५७ मिमी.चा, पण डिफरन्शियल वर जातो जेमतेम २८ मिमी. अमेरिकी पद्धतीत व्यास थेट इंचात लिहितात : ३१×१०.५० आर १५ म्हणजे ३१ इंच व्यास आणि साडेदहा इंच रुंदी. ‘तेहतिसाचे टायर’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. प्रत्यक्ष व्यास छापील मापापेक्षा थोडा कमी भरतो; विशेषतः गाडीचे वजन पडल्यावर.

लिफ्टचा खरा लाभ कोनांत असतो. पुढचा बंपर टेकण्याआधी गाडी किती चढ घेऊ शकेल हा प्रवेशकोन, मागच्या बाजूचा निर्गमकोन, आणि उंचवटा ओलांडताना गाडीचे बूड टेकणार नाही तो माथाकोन. बुडाची उंची ३०० मिमी. आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधले अंतर २,४५० मिमी. असेल, तर माथाकोन ढोबळमानाने २७.५ अंश येतो. ५० मिमी. लिफ्टने तो ३२ अंशांच्या आसपास जातो. तीच ३०० मिमी. उंची, पण अंतर २,८५० मिमी. असेल तर २४ अंशही भरत नाहीत. आखूड जीप लांब गाडीपेक्षा डोंगरात सुखाने का चालते, याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

उगम : या प्रथेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शिलकी लष्करी जीपा नागरिकांच्या हाती आल्या आणि पश्चिमेकडील खडकाळ वाटांवर त्यांच्या पाट्यांना (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांना) लांब शॅकल (पाटा चॅसीसला जोडणारी झुलती कडी) लावण्याची पद्धत पडली. कॅलिफोर्नियातील रुबिकॉन वाटेवरची ‘जीपर्स जँबोरी’ ही सामूहिक सफर १९५३ पासून होते. दुसरे मत अमेरिकेच्याच दक्षिणेकडील दलदलीच्या शेतीप्रदेशाकडे बोट दाखविते. तिथे पिकअप गाड्यांना ट्रॅक्टरसारखे टायर लावले जात आणि ते बसावेत म्हणून गाडी उचलली जाई. पहिल्या मतात लिफ्ट आधी, तर दुसऱ्यात टायर आधी. कॅलिफोर्नियात डिक सेपेक यांनी साधारणतः १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात वाळवंटात चालणारे रुंद टायर विकण्यास सुरुवात केली. १९६७ मध्ये मेक्सिकोतील बाहा द्वीपकल्पाची शर्यत आणि युटामधील मोआबची ईस्टर जीप सफारी सुरू झाली, तेव्हा मोठ्या टायरांना पुरेसे गिऱ्हाईक होते. हे पाहता टायराने लिफ्टची गरज निर्माण केली, हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. आइसलँडमधील परंपरा याला दुजोरा देते. तिथे हिमनद्यांवर जाण्यासाठी ३८ ते ४४ इंची टायर अगदी थोडी हवा ठेवून वापरतात आणि मडगार्ड कापून गाडी शक्य तितकी खालीच ठेवतात.

रुंद की अरुंद : या विषयातील सर्वांत जुना वाद हा आहे आणि त्याला मृदायांत्रिकीचा आधार आहे. पोलिश-अमेरिकी अभियंता एम. जी. बेकर यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात जमिनीवरील दाब आणि चाकाचे रुतणे यांचा संबंध समीकरणात बसविला. चंद्रावर चालविलेल्या गाडीच्या रचनेतही त्यांचा वाटा होता. त्यांच्या विवेचनानुसार चाक पुढे जाताना चाकोरी दाबून तयार करते आणि त्यात शक्ती खर्च होते. चाकोरी जितकी रुंद व खोल, तितका विरोध अधिक. म्हणून टेकलेले क्षेत्रफळ तेवढेच ठेवून ते लांबट केले तर विरोध घटतो. लांबट ठसा मोठ्या व्यासाने मिळतो, रुंदीने नव्हे. दुसरा पंथ अमेरिकी लष्कराच्या व्हिक्सबर्ग येथील प्रयोगशाळेचा. या पंथाने समीकरणे बाजूला ठेवून शंकूच्या टोकाची सळई जमिनीत दाबून तिचा विरोध मोजला आणि त्यावरून कोणती गाडी किती फेऱ्या करू शकेल याचे आडाखे बांधले. सैनिकाला शेताच्या बांधावर उभे राहून हे करता येते, हे त्याचे बळ. मात्र नव्या मापाच्या टायरबद्दल त्यातून फार काही कळत नाही. टायर निवडणाऱ्यासाठी बेकर यांची वाट अधिक उपयोगी आहे.

तरी मातीचा प्रकार पाहावाच लागतो. वाळूत पकड मुख्यतः वजन आणि घर्षण यांतून मिळते. चिकण मातीत ती मातीच्या चिकटपणातून, म्हणजे टेकलेल्या क्षेत्रफळातून येते, त्यामुळे रुंदीला अर्थ राहतो. कोकणातील भातखाचरात चिखलाखाली घट्ट थर असतो. अरुंद टायर चिखल कापून त्या थराला पोचतो, रुंद टायर वर तरंगत घसरतो. मराठवाड्याच्या काळ्या रेगूर मातीत पावसाळ्यात असा थर लवकर लागत नाही, आणि माती खाचांत बसून टायर हंडीच्या बुडासारखा गुळगुळीत होतो. तिथे ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा सोडलेला मड-टेरेन टायरच माती फेकू शकतो. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लावतात ती लोखंडी पिंजऱ्याची चाके याच प्रश्नाचे शेतकऱ्याने आधीपासून वापरलेले उत्तर आहे.

पुष्कळदा मापापेक्षा हवा महत्त्वाची ठरते. चाकावर ४५० किग्रॅ. भार आणि ३२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) हवा असता टायर सुमारे २०० चौ. सेंमी. टेकतो, हवा १५ पीएसआयवर आणली की तो ४३० चौ. सेंमी.च्या आसपास जातो. भिंतीचा ताठपणा यात धरलेला नाही. एवढी वाढ कोणत्याही मोठ्या टायराने होत नाही. हवा कमी करायला भिंत उंच लागते, म्हणून १८ इंची रिमपेक्षा १५ किंवा १६ इंची रिम आडवाटेला बरी. पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरणे अनिवार्य आहे, नाहीतर भिंत तापून फुटते.

लिफ्टच्या रीती : पाटे असलेल्या गाडीत लांब शॅकल हा स्वस्त उपाय; शॅकल ५० मिमी.ने लांबविली तर गाडी २५ मिमी.च उचलते. मारुती जिप्सीत पाटे अ‍ॅक्सलखाली बांधलेले असत. ते अ‍ॅक्सलच्या वर नेले की एकदम चार-पाच इंच उंची मिळते. पण मग जोरात वेग घेताना किंवा ब्रेक मारताना पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वळतो आणि प्रोपेलर शाफ्टचा (अ‍ॅक्सलपर्यंत शक्ती नेणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो. कॉइल स्प्रिंग असलेल्या सलग अ‍ॅक्सलमध्ये, उदा., सुझुकी जिम्नीत, लांब स्प्रिंगबरोबर शॉकअ‍ॅब्सॉर्बर, ब्रेकचे होज आणि पॅनहार्ड रॉडही (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणारी दांडी) बदलावे लागतात. पुढच्या चाकांचा कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा मागे कललेला कोन) कमी झाला तर स्टिअरिंग सैल वाटते आणि ठरावीक वेगाला पुढचा अ‍ॅक्सल जोरजोरात थरथरू लागतो. थारप्रमाणे पुढचे सस्पेंशन स्वतंत्र असेल, तर मर्यादा ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरविणाऱ्या दांड्याच्या) सांध्यांच्या कोनाची असते. स्प्रिंगवर नुसता ठोकळा ठेवल्याने गाडी उंच दिसते, पण चाक खाली सुटण्याची जागा तितकीच घटते. बॉडी लिफ्टमध्ये फक्त डबा चॅसीसवरून उचलला जातो. तिला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. टायरला जागा करून देताना ती इंजिन व गिअरबॉक्सचा भार वर नेत नाही.

माप घेण्याची खात्रीची रीत अशी : निवडलेल्या मापाचा एक टायर उसना आणावा, एका बाजूची स्प्रिंग काढावी, चाक जॅकने बंप-स्टॉपपर्यंत (अ‍ॅक्सलला आणखी वर जाऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत) वर दाबावे आणि स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवावे. टायरच्या कडांना आधी खडू फासलेला असेल, तर मडगार्डच्या आतल्या बाजूला जिथे पांढरी रेघ उमटते तिथे अडचण आहे. पुष्कळदा ती रेघ मडगार्डवर नसून चॅसीसवर, चाक पूर्ण वळविताना उमटते. ती लिफ्टने जात नाही. रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत वा बाहेर बसते ते माप, बदलावा लागतो.

परिणाम : वर दिलेल्या ८३१ मिमी.च्या टायरने स्पीडोमीटर ६० दाखवीत असता गाडी सुमारे ६४ च्या वेगाने जाते, गिअर त्याच प्रमाणात ‘उंच’ होतात, म्हणजे ओढ कमी पडते, आणि ब्रेकचा जोरही तेवढाच घटतो. गुरुत्वमध्याचे गणित याहून गंभीर आहे. चाकांतील आडवे अंतर १,५२० मिमी. आणि गुरुत्वमध्य ७५० मिमी. उंचीवर असेल, तर गाडी तत्त्वतः सुमारे ४५ अंशांपर्यंत कलती राहू शकते. गुरुत्वमध्य ८० मिमी. वर गेला की ४२.५ अंशांपर्यंतच. स्प्रिंगांचे दबणे धरले तर प्रत्यक्ष आकडे बरेच खाली येतात. आडव्या उतारावर हे तीन अंश माणसाचा जीव वाचवितात किंवा घेतात.

कायदा : भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करण्यास मनाई आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका घेतली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संहितेत चारचाकी-चालन गाड्यांना ५० मिमी.पर्यंत अधिक व्यासाचे टायर चालतात.

महाराष्ट्र व गोवा : विलिस जीपची जुळणी महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत सुरू केली. त्या घराण्यातल्या गाड्या सह्याद्रीत आजही धावतात. ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ या मलेशियातील स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ पासून गोव्यात भर पावसाळ्यात भरू लागली. तिथल्या लाल चिखलात मड-टेरेन टायर आणि विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारे यंत्र) यांना पर्याय नसतो. कोकणातील सड्यांवर प्रश्न उलट असतो. जांभ्याच्या धारदार कडा ठोकळ्यांना फारशा लागत नाहीत, त्या बाजूची भिंत कापतात. त्यामुळे पाचवा टायरही त्याच मापाचा हवा. लहान स्टेपनी लावून चारही चाकांना जोर दिला तर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना शक्ती वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. थार, जिप्सी व जिम्नी यांत स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असते, आणि जड टायराने त्या दाराची बिजागरी काही महिन्यांत खाली उतरू लागते.