बोरॉनचे पाणी क्षणात मिसळत नाही

काणकोणच्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात कैगा अणुवीज केंद्र असल्यामुळे गोव्यात अणुभट्टीचा विषय निघतोच, आणि 'बोरॉन मिसळलेले पाणी आत सोडले की ते क्षणात सर्वत्र सारखे पसरते व भट्टी बंदच राहते' हा समज वर्षानुवर्षे ऐकू येतो. तो चुकीचा आहे. बोरॉन साखळी अभिक्रिया चालवणारे न्यूट्रॉन शोषतो हे खरे. परंतु एखाद्या परिपथात (थंड करणारे पाणी फिरवणाऱ्या नळमार्गात) साचलेले बोरॉनविरहित पाणी पंप सुरू होताच एकगठ्ठा गाभ्यात, म्हणजे इंधन असलेल्या भागात, शिरले, तर बंद भट्टीतील साखळी अभिक्रिया पुन्हा सुरू होण्याचा धोका संभवतो. म्हणूनच जर्मनीत ड्रेस्डेनजवळ रोसेनडॉर्फ येथे १:५ प्रमाणातील, चार परिपथांची 'रोकॉम' ही भट्टीची प्रतिकृती उभारण्यात आली. तिच्यात अणुइंधन नसते. पारदर्शक पात्रात खुणेसाठी मिठाचे पाणी सोडून तारांच्या जाळीने विद्युतवाहकता मोजतात, आणि कोठे किती मिश्रण झाले हे त्यावरून कळते. पंपांचा प्रवाह आणि पाण्याच्या घनतेतील फरक यांनुसार चित्र बदलते. मात्र कैगाच्या भट्ट्या जड पाण्याच्या (हायड्रोजनचे जड रूप असलेल्या पाण्याच्या) आणि आडव्या नळ्यांच्या आहेत, त्यामुळे हे निष्कर्ष तेथे जसेच्या तसे लावू नयेत, हे आवर्जून सांगावेसे वाटते. तमिळनाडूतील कुडनकुळमच्या साध्या पाण्याच्या भट्ट्यांशी या निष्कर्षांचे नाते अधिक जवळचे आहे.